सतरंजीवरची ओळ : साताऱ्यातल्या एका योगवर्गाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच वर्गातलं आहे. मी तिथे सहायक शिक्षिका होते आणि आजही आहे. ज्या ताईंच्या बाबतीत हे घडलं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. मजकूर त्यांच्या मुलीने त्यांना वाचून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. नाव कुणाचंच दिलेलं नाही आणि काही खुणा बदलल्या आहेत. योगाचे वर्ग चालवणाऱ्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. असे वर्ग गावोगाव आहेत, आणि बहुतेक आमच्यासारखेच चांगल्या मनाने चालवलेले आहेत.

वर्ग

शाहूपुरीच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, पहाटे साडेपाच ते साडेसहा. फी नाही. हॉलचं भाडं आणि विजेचं बिल दाराशी ठेवलेल्या पेटीतून निघतं. आमचे सर निवृत्त क्रीडाशिक्षक. पंधरा वर्षांहून जास्त काळ ते हा वर्ग एक पैसा न घेता चालवत आले आहेत. पावसाळ्यात यवतेश्वरचा डोंगर दिवसेंदिवस ढगातून बाहेर येत नाही, तेव्हाही सर पाच वीसला कुलूप काढून उभे असतात.

सरांचे वडील औंधला शिकले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले, स्वतः रोज घातले, त्यांच्या प्रसारासाठी आयुष्य खर्ची घातलं. आज जगभर सूर्यनमस्कार घातले जातात त्यात आपल्या जिल्ह्यातल्या या छोट्याशा संस्थानाचा वाटा मोठा आहे, आणि सरांना त्याचा अभिमान आहे. मलाही आहे. पण त्या वारशाबरोबर कवायतीची शिस्तही सरांच्या अंगात उतरली होती. शिक्षकाने आकडे म्हणायचे, रांगेने वाकायचं, वाकत नसेल त्याला हाताने वाकवायचं. सरांच्या स्वतःच्या गुरुजींनी पाठीवर पाय देऊन त्यांच्याकडून पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकायचं आसन, करून घेतलं होतं. ही आठवण सर फार प्रेमाने सांगत.

२०१५ साली २१ जूनचा पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस झाला आणि त्यानंतर आमच्याकडे माणसं वाढली. नवीन माणसं स्वतःची रबरी मॅट घेऊन यायची. मॅटवाले पुढे बसू लागले, कारण पुढची फरशी गुळगुळीत आहे. ज्यांच्याकडे मॅट नव्हती त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला लागून हॉलची जुनी सतरंजी अंथरलेली असायची. कुणी कुणाला मागे बस म्हटलं नाही. ते आपोआप होत गेलं आणि आपोआप होत गेलं म्हणूनच कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

ताई या सतरंजीवर बसायच्या. चार घरी पोळ्या करतात. टाचा आणि कंबर धरते म्हणून पोळ्यांच्या त्या घरांपैकी एका घरच्या वहिनींनी त्यांना वर्गाला आणलं. पहिल्या घरी त्यांना पावणेसातला पोचायचं असे, म्हणून त्या सव्वासहाला, शवासन सुरू होण्याआधी, चपला हातात घेऊन हळूच निघून जात. सर म्हणत, "शवासन न करता उठू नये." त्या मान हलवत आणि जात.

घटना

जानेवारीचा शेवट होता. फरशीतून गारठा वर येत होता आणि शरीरं अजून मोकळी झाली नव्हती. पश्चिमोत्तानासन चालू होतं. सर रांगांमधून फिरत मागे आले, ताईंच्या मागे गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळवे त्यांच्या कमरेवर ठेवले. "ए, वाक की. श्वास सोड. अजून. अजून."

मी तीन हात अंतरावर उभी होते, एका काकूंच्या पायाला पट्टा लावून देत होते. ताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओठ आत घेतलेले होते. ती नजर मला कळली. मी पट्ट्याचं बक्कल घट्ट करत राहिले.

नंतर ताईंनी सांगितलं, आत कट्‌कन वाजलं आणि डावा पाय गार पडल्यासारखा झाला. त्या दिवशी त्या चारही घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. डॉक्टरांनी कमरेचा स्नायू दुखावल्याचं सांगितलं, उभं राहून काम बंद. तीन आठवडे खाडे पडले. चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावली.

इथे थोडं शरीराबद्दल सांगते, कारण हे समजलं असतं तर घडलं नसतं. दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात. असे स्नायू बसून पुढे वाकताना माकडहाडाकडचा भाग मागे ओढून धरतात, कटिभाग पुढे झुकतच नाही. मग सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांत होतं, पाठीला पोक येतो आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब वाढतो. त्याच वेळी मागून कुणी ढकललं की ते बळ सर्वांत दुबळ्या जागी जाऊन बसतं. उपाय अगदी साधा आहे. बैठकीखाली चादरीची जाड घडी, गुडघे हवे तेवढे वाकवलेले, तळव्यांभोवती पट्टा, आणि डोकं पायाला लागलं नाही तरी चालेल ही मुभा. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात पट्टे, विटा, खुर्च्या, चादरी वापरून आजारी आणि ताठर शरीरांनाही आसनात बसवून दाखवलं, ते आपल्यापासून किती लांब आहे? आमच्या कपाटात चादरी होत्या. त्या पुढच्या रांगेतल्या गुडघेदुखीवाल्या काकूंसाठी निघत. मागच्या भिंतीपर्यंत त्या कधी गेल्या नाहीत.

योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे : स्थिरसुखमासनम्, स्थिर आणि सुखाचं ते आसन. आम्ही दर सोमवारी हे सूत्र म्हणत होतो.

फोन

चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला. तक्रार म्हणून केलेला नव्हता. "मॅडम, मला उठताच येईना झालंय. सरांना तेवढं सांगा, म्हंजे दुसऱ्या कुणाला असं करायचं न्हाईत."

मी जे उत्तर दिलं ते शब्दशः लिहिते. "ताई, सरांचा हेतू वाईट नव्हता हो. तुम्ही मनात ठेवू नका. राग धरला की दुखणं वाढतं."

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सरांना मी सांगितलं, पण अर्धवट. ताईंची कंबर धरलीय, काही दिवस येणार नाहीत, एवढंच. त्यांच्या हातामुळे धरलीय हे बोलायची मला भीड वाटली. वहिनींनी मात्र वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ लिहिलं. त्यावर दिवसभर मेसेज आले. सरांच्या निष्ठेबद्दल आले, गुरूच्या स्पर्शाबद्दल आले. क्षमेवर एक सुविचार आला, त्याखाली नमस्काराचे हात उमटत गेले. एका काकांनी लिहिलं, "योग म्हणजे साक्षीभाव. आपल्या वेदनेकडेही साक्षीभावाने पाहायला शिकलं पाहिजे." संध्याकाळी ताई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट मला ही वाटते. कंबर दुखावली तो चुकीचा एक क्षण होता. पण त्यानंतर आम्ही योगातले एकूण एक चांगले शब्द, क्षमा, साक्षीभाव, अहंकार सोडणं, स्वाध्याय म्हणजे स्वतःला तपासणं, ज्या बाईला इजा झाली होती तिच्याच हातात दिले आणि म्हटलं, आता तू यावर काम कर. सरांना कुणी स्वाध्याय सांगितला नाही. मला कुणी सांगितला नाही. योगातल्या पाच व्रतांना यम म्हणतात, आणि अहिंसेचं नाव त्यांत पहिलं येतं. त्या पूर्ण दिवसात ग्रुपवर तो शब्द एकदाही आला नाही.

टी-शर्ट

फेब्रुवारीत एका रविवारी ताईंची मुलगी माझ्या घरी आली. कॉलेजात शिकते. आधीच्या २१ जूनला वर्गाने सगळ्यांना पांढरे टी-शर्ट वाटले होते, त्यातला आईचा धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून तिने आणला होता. चहाला नको म्हणाली. उभ्यानेच बोलली.

"आमच्या शाळेत दर ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असायचा. बाबासाहेबांचं नाव राजवाड्याजवळच्या शाळेत घातलं तो दिवस, १९०० सालचा. आम्हाला सांगायचे, लहानपणी त्यांना वर्गात वेगळं बसायला लागायचं, स्वतःचं गोणपाट घरून न्यायला लागायचं. आम्हाला वाटायचं ते तेव्हाचं. मॅडम, तुमच्या हॉलात सतरंजी कुणासाठी असते?"

माझ्याकडे उत्तर होतं. मॅट नसणाऱ्यांसाठी असते, कुणी मुद्दाम केलेलं नाही, जात आम्ही कुणाची विचारत नाही. हे सगळं खरं होतं. जात कुणी विचारली नव्हती, आडनाव मात्र हजेरीच्या वहीत होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. सतरंजीवर बसणारे पाचही जण कोण आहेत हे मी त्या क्षणी पहिल्यांदा एकत्र आठवलं. मी उत्तर दिलं नाही. टी-शर्ट घेतला, आणि आईंना भेटायला येऊ का, असं विचारलं. "विचारते," म्हणाली. दोन आठवडे निरोप आला नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. हे एक मी बरोबर केलं असं मला वाटतं. त्या भेटीची गरज मला होती, त्यांना नव्हती.

हजेरीची वही

त्या दोन आठवड्यांत मी मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या. कुठलं नाव कुठल्या महिन्यात थांबलं ते बघत गेले. गळती सगळ्याच वर्गांना असते आणि तिचं कारण आम्ही नेहमी एकच द्यायचो, लोकांना सातत्य नाही. मी त्या थांबलेल्या नावांना फोन लावायला सुरुवात केली. काहींचे नंबर बदलले होते, काहींना खरोखरच वेळ नव्हता, एक आजोबा वारले होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पण काही उत्तरं वेगळी आली. एक तरुण मुलगी म्हणाली, सर हात लावून आसन नीट करायचे ते नको वाटायचं. "तसलं काही नव्हतं हो काकू, पण मला नको होतं. नको कसं म्हणायचं?" सदर बझारमधल्या एक भाभी नियमित यायच्या. त्या ॐकाराच्या वेळी डोळे मिटून गप्प बसत. एकदा सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "ओठ हलले पाहिजेत." त्या पुढच्या आठवड्यापासून आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ॐ म्हणणाऱ्यांचं मला काहीच नव्हतं. माझ्याकडे बघितलं ते लागलं." पोलिओमुळे पायात कॅलिपर असलेले एक गृहस्थ दोनच दिवस आले होते. मी कारण विचारल्यावर त्यांना नवल वाटलं. "मॅडम, तुमचा हॉल वर आहे ना."

आमच्या दारावर पाटी आहे, सर्वांना मुक्त प्रवेश. ती लावली तेव्हा मनापासून लावली होती. पण दार उघडं ठेवणं निराळं आणि आत आलेल्याला जागा असणं निराळं, हा फरक मला त्या वह्यांनी दाखवला. त्यातल्या कुणीही भांडण केलं नाही, कुणीही तक्रार लिहिली नाही. सगळे सभ्यपणे निघून गेले आणि आम्ही त्यांच्या नावावर सातत्याचा अभाव लिहिला.

सर

सरांशी बोलायला मी त्यांच्या घरी गेले. या वेळी पूर्ण सांगितलं, माझ्या फोनसकट. सर ऐकत होते, मग त्यांचा चेहरा लाल झाला. "पंधरा वर्षं. पंधरा वर्षांत एक पैसा घेतला नाही मी." हे वाक्य ते तीनदा म्हणाले. त्यांच्या पत्नी आतून बाहेर आल्या, पाणी ठेवलं, आणि म्हणाल्या, "पैशाचं कोण बोलतंय? ती बाई महिनाभर घरात पडून होती, ते बोलतायत त्या."

सर त्या दिवशी मला काहीच म्हणाले नाहीत. तीन दिवस वर्गाला आले नाहीत, मी वर्ग घेतला. चौथ्या दिवशी आले आणि सूर्यनमस्कार झाल्यावर, कुणालाही हात न लावता, मागच्या भिंतीशी जाऊन सतरंजीवर बसले. पश्चिमोत्तानासनात बसून राहिले. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "इथून माझा आवाजच नीट ऐकू येत नाही. खांबाच्या पलीकडे माझं प्रात्यक्षिकही दिसत नाही. मग ती कशी करणार होती?"

मला वाटतं सरांची सुरुवात तिथून झाली. माणसाने चूक मान्य करणं ही एका झटक्यात होणारी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. सरांच्या बाबतीत आधी आवाज ऐकू येत नाही हे मान्य झालं, मग चादर दिली नाही हे, मग हात जोरात पडला हे. आपण ताईंना इतरांपेक्षा वेगळं वागवलं, हे मान्य व्हायला आणखी महिना गेला, आणि तेही ताईंनी सांगितल्यावर.

तीन गोष्टी

मार्चमध्ये निरोप आला. भेट ताईंच्या घरी झाली, मी आणि वहिनी गेलो. सरांनी यायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. "ते इथं आले तर मला त्यांना चहा करायला लागंल, पाया पडायला लागंल. मग बोलणं कसं व्हायचं?"

मी आधी माझी माफी मागितली, फोनवर जे बोलले त्याची. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी वाट पाहिली नाही. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. सरांनी वर्गात, सगळ्यांपुढे बोलावं, कारण घडलं ते सगळ्यांपुढे. खाड्यांचे पैसे मिळावेत. आणि तिसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला. "कंबर दुखली त्याचं एवढं न्हाई वाटलं मॅडम. पुढच्या सगळ्या बायांना सर तुम्ही म्हणत्यात. काकू, जरा खाली या, वहिनी, श्वास सोडा. मला, ए, वाक की. मी काय त्यांच्या घरची हाय का, का त्यांच्या घरी कामाला हाय?"

ताई येत होत्या ते पूर्ण वर्ष मी त्या हॉलमध्ये होते. हा ए मी रोज ऐकत होते.

पैशांवरून वर्गाच्या बैठकीत बराच वेळ वाद झाला. पायंडा पडेल, उद्या कुणीही गुडघा दुखला म्हणून हात पसरेल, असं काहींचं म्हणणं. सर स्वतःच्या पेन्शनमधून देतो म्हणाले. मी याला विरोध केला आणि आजही तो बरोबर होता असं माझं मत आहे. एकट्या सरांनी दिले असते तर तो त्यांचा आणि ताईंचा खाजगी व्यवहार ठरला असता. सतरंजी सरांनी एकट्याने अंथरली नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या एक बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "कर्मवीर अण्णांनी याच गावात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली, एका पंगतीला बसवली. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीवहिनींनी मंगळसूत्र मोडलं. आपण पेटीतले खाड्याचे पैसे मोजत बसलोय." अर्धे पेटीतून आणि अर्धे सरांनी, असं ठरलं. दोन जुने सभासद बैठकीतून उठून गेले आणि नंतर वर्गालाही आले नाहीत. त्यांनाही मी फोन केला. एकांनी उचलला नाही, दुसऱ्यांनी सांगितलं की त्यांना हे राजकारण वाटलं. त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.

सर वर्गासमोर उभे राहिले तो एप्रिलमधला रविवार होता. ताई मुलीबरोबर आल्या होत्या आणि दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. सरांनी चिठ्ठी लिहून आणली होती. "माझ्या शिकवण्यामुळे कुणाला त्रास झाला असेल तर…"

"असंल तर न्हाई सर," ताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "झाला."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. सरांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "झाला. मी न विचारता तुमच्या कमरेवर जोर दिला. तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. आणि इतरांना तुम्ही म्हणत होतो, तुम्हाला ए म्हणत होतो. ते मी का करत होतो, हे मला आता कळतंय आणि मला त्याची लाज वाटते." एवढंच. ताईंनी मान हलवली आणि मुलीला म्हणाल्या, चल. टाळ्या वाजवायला एक-दोन हात वर आले होते, ते तसेच खाली गेले. बरं झालं.

बदललेल्या गोष्टी

सतरंजी काढून टाकली. आता सगळ्यांना सारख्या चटया आहेत, वर्गाच्या मालकीच्या, आणि ओळी दर आठवड्याला फिरतात. सर्वांना तुम्ही, अपवाद नाही. सर स्वतःच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही आता अहो म्हणतात.

स्पर्शाच्या बाबतीत आम्ही एकदा चुकलो आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. आधी आम्ही ठरवलं, ज्यांना हात लावलेला नको असेल त्यांनी चटईच्या वरच्या कडेला रुमाल ठेवावा. पंधरा दिवस एकही रुमाल दिसला नाही. सरांना समाधान वाटलं, मलाही वाटलं. मग मी त्या तरुण मुलीला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "काकू, सगळ्यांदेखत सरांना नको म्हणून रुमाल कोण ठेवेल?" आम्ही नियम उलटा केला. हात कुणालाच लावायचा नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी रुमाल ठेवायचा, आणि तरीही आधी तोंडाने विचारायचं. आता बत्तीस चटयांवर चार-पाच रुमाल असतात. आधी न मिळालेली सगळी उत्तरं त्या उरलेल्या चटयांवर होती.

ॐकार चालू आहे. ज्यांना म्हणायचा आहे ते म्हणतात, बाकीचे श्वासाकडे लक्ष देऊन बसतात, आणि कुणी कुणाच्या ओठांकडे बघत नाही. भाभी परत आल्या आहेत. यमांविषयी पतंजलींचं सूत्र आहे : जातिदेशकालसमयानवच्छिन्नाः सार्वभौमा महाव्रतम्, म्हणजे जाती, देश, काळ, प्रसंग यांची सूट न ठेवता सगळीकडे पाळायचं ते महाव्रत. यातली जाती म्हणजे आपण आज म्हणतो तेवढीच नाही. योगसूत्रांवरच्या जुन्या व्यासभाष्यात उदाहरण मासे मारणाऱ्याचं आहे, जो म्हणतो माझी हिंसा माशांपुरतीच, बाकी कुणाला मी दुखवत नाही. अशी सूट काढून ठेवलेली अहिंसा अपुरी, असं भाष्य सांगतं. सोमवारी आता सर हे सूत्र समजावून सांगतात आणि माशांच्या जागी आमच्या हॉलची मागची भिंत सांगतात.

हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटवला आहे. तक्रार कुणाकडे करायची ते त्यावर आहे : रयतच्या बाई आणि ताईंना वर्गाला आणणाऱ्या वहिनी. सर आणि मी त्यात नाही. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कामाच्या ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, हेही त्यावर लिहिलं आहे. काहींना हा कागद सरांचा अपमान वाटला. सरांनीच तो चिकटवला.

सरांना काढून टाका असंही एक मत होतं. मला ते पटलं नाही. ज्यांच्यामुळे इजा झाली त्यांनी तिथेच, सर्वांच्या डोळ्यांसमोर, वेगळं वागून दाखवणं जास्त अवघड आहे आणि जास्त उपयोगाचं. पण हे मत ताईंचं नसतं तर मी ते मांडलं नसतं. त्या म्हणाल्या होत्या, "त्यांना काढून मला काय मिळणार? पुढच्या माणसाला हे सगळं परत शिकवायचं कुणी?"

दुपारचा वर्ग

सकाळच्या वर्गाला ताई आलेल्या नाहीत. वेळच तशी आहे. घरकाम करणाऱ्या बायकांना पहाट कधीच मोकळी नसते, त्यांना मोकळा असतो तो दुपारचा तास-दीड तास, दोन कामांच्या मधला. हे त्या वर्षभर चपला हातात घेऊन सांगत होत्या. जूनपासून आम्ही तीन ते चार असा दुसरा वर्ग सुरू केला, त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, बालवाडीची खोली दुपारी रिकामी असते तिथे. जिना नाही. कॅलिपरवाले गृहस्थ म्हणाले होते बघतो, अजून आलेले नाहीत. मी आठवण करून दिलेली नाही, महिन्याने देईन.

पहिल्या दिवशी सात जणी आल्या, सगळ्या साडीत. ताई आल्या, पण चटईवर बसल्या नाहीत, बालवाडीच्या बुटक्या बाकावर भिंतीला टेकून बसल्या. मी टाचा, पोटऱ्या, मान, खांदे एवढंच घेतलं. शेवटी शवासन सांगितलं आणि सगळ्यांच्या अंगावर चादरी घातल्या. ताई जागेवरून उठल्या, कडेची चटई ओढून घेतली आणि आडव्या झाल्या.

पाच मिनिटांनी मला घोरण्याचा आवाज आला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून आला. तिघी झोपल्या होत्या, त्यांत एक ताई. मी ॐ म्हटला नाही, घंटीला हात लावला नाही. चार वाजून गेले. सव्वाचारला कुणाच्या तरी पिशवीत फोन वाजला, पाच वाजताच्या घरून होता. ताईंनी डोळे न उघडताच विचारलं, "कुणाचा गं?"